सांध्यांचं घर

कुणाच्याही घरी गेले की नटबोल्ट आबा आधी भिंतीवर बोटांनी ठोकून बघत, मग बसत. आमच्या नेरूळच्या खोलीत पहिल्यांदा आले तेव्हा आईनं पाणी पुढं केलं, तर हे भिंतीला कान लावून उभे. "पोकळ हाय," ते म्हणाले. "ठेकेदारानं वाळूला सिमेंट नुसतं दाखवलंय, घातलं न्हाई." आई हसली. मला राग आला. आबांचा नव्हे, ठेकेदाराचा. मी तेव्हा कॉलेजात होते आणि राग यायला मला वेळ लागत नसे. आमच्या घरात देवांच्या फोटोंपेक्षा युनियनची पत्रकं जास्त होती, आणि अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली होती.

आबा कोरेगावकडचे. बाजारात माझे वडील ज्या टोळीत पोती वाहत, तिचे ते मुकादम. पाठ गेली तेव्हा नावड्याजवळच्या एका कारखान्यात लागले. तिथं मोठमोठ्या कंपन्यांच्या गेटवरच्या चौक्यांसाठी तयार भिंती ओतत. एकेक पॅनेल वेगळं, कडेला भोकं, जागेवर नेऊन बोल्टांनी आवळायचं. आबांच्या खिशात कायम पाना असे, म्हणून टोळीनं हे नाव ठेवलं. "घर बांधत बसू नये, पोरी, जोडावं," ते मला सांगत. "वॉचमनला एका दिसात चार भिंती मिळत्यात. मग हमालानंच काय घोडं मारलंय?"

हा प्रश्न त्यांना सुचला तो गरजेपोटी. आबांना सरकारी योजनेत एक लहानसा प्लॉट मिळाला होता. प्लॉट म्हणजे नुसता ओटा आणि संडास, वर आभाळ. वरचं घर ज्याचं त्यानं उभारायचं, तेही मुदतीत. मुदत टळली की प्लॉट परत. कागदावर ही योजना गरिबांसाठीच होती. पण आबा विटांची सोय करत तोवर सिमेंट चढे. सिमेंट जुळवत तोवर लोखंड आणि वाळू पुढं निघून गेलेली असे. शेजारचे एकेक जण आपला ओटा कुणा व्यापाऱ्याच्या हवाली करून गेले. "आपन चालतोय आन् घर पळतंय," आबा म्हणत. ऐकणारे हसत. त्यांची बायको, आमची नानी, कधी हसली नाही. भाड्याच्या खोलीतून तिसऱ्यांदा बिऱ्हाड हलवायची पाळी तिच्यावर आलेली होती.

मुदत संपत आली तेव्हा आबांनी कारखान्याच्या मालकाकडून कोपरे उडालेली, गिऱ्हाइकानं नाकारलेली पॅनेलं मागून घेतली. बाजाराच्या सुट्टीला अख्खी टोळी ओट्यावर हजर. आबांनी बाजारातल्यासारख्याच उंची बघून जोड्या लावल्या, म्हणजे वजन कुणा एकावर झुकू नये. पोत्याला देतात तीच हाळी देऊन माणसांनी भिंती उचलल्या. सकाळी ओटा होता, दिवेलागणीला घर होतं. वर सिमेंटचे पत्रे, आत नानीची चूल. ज्याची खोली सोडली तो सारसोळ्याचा घरमालक मुद्दाम बघायला आला. "आबा, यो घर हाय का पेटारा?" त्यानं विचारलं. "पेटारा तर पेटारा," आबा म्हणाले, "झाकन तर माझं हाय."

पण नानीला ते घर वाटेना. भिंतीवर पॅनेलांच्या सांध्यांच्या उभ्या रेघा दिसत. "गावची मानसं आली तर म्हनतील, चौकीत ऱ्हातीया," ती म्हणे. त्यांच्या गावाकडं घरच्या बाईचा हात फिरल्याशिवाय भिंत घराची होत नाही. मातीची असो, विटांची असो, शेवटचा हात तिचा. आणि इथं तर हात फिरवायला काही ठेवलंच नव्हतं. पॅनेल उन्हानं फुगतं, गारव्यानं आकसतं. त्यासाठी सांधा उघडा ठेवून त्यात रबराची पट्टी बसवायची असते, हे आबा रोज कारखान्यात करत होते. तरी त्यांनी पट्ट्यांवरून द्यायला गिलावा कालवला. घोटून साफ करायचं काम नानीनं केलं, मग चुना दिला. मी विचारलं तर म्हणाले, "ठावं हाय मला. पन जल्मभर तिनं दुसऱ्याच्या भिंती सारवल्या. एक तिची असू दे."

वैशाखाच्या उन्हात गिलावा तडकला. बरोबर सांध्यांवरून, वरपासून खालपर्यंत. त्याच सुमारास बांधकाम पुरं झालं का हे बघायला योजनेच्या कचेरीतले साहेब आले. मी तिथंच होते.

"भिंती फाटल्यात," साहेब म्हणाले.

"फाटल्या न्हाईत साहेब. त्यो सांधा हाय. वरचा गिलावा उललाय." आबांनी पान्याच्या टोकानं गिलावा खरवडला. आतली पट्टी दाखवायची होती त्यांना. हाताएवढा पोपडा साहेबांच्या बुटावर पडला.

साहेब मागं सरकले. "आजोबा, मला तडा दिसतो. मी तडाच लिहिणार."

"काय झालं वो?" नानीनं आतून विचारलं. आबा वाकून पोपड्याचे तुकडे वेचू लागले.

बांधकाम धोकादायक, सबब अपूर्ण, असा शेरा आला. आबा कचेरीच्या जिन्यांवर बसून राहू लागले. वाढीव मुदत मिळाली नाही. विटांची भिंत उभारा, असं एका टेबलावर सांगत. आता वेळ गेली, असं दुसऱ्यावर. मी बरोबर जाई, भांडे. आबा माझा दंड धरत आणि म्हणत, "ओरडू नको. त्येंनी दार लावलं तर मी कुठं बसू?" मुकादम म्हणून ज्यांच्या एका शब्दावर टोळी उठे, तो माणूस शिपायाला नमस्कार करताना मी पाहिला.

शेवटी प्लॉट परत घेऊन घर पाडायची नोटीस आली. पाडणारी माणसं यायच्या आदल्या दिवशी आबांनी स्वतःच बोल्ट सोडले. टोळी पुन्हा आली, या वेळी हाळी न देता. एकही पॅनेल फुटलं नाही. धोकादायक ठरलेलं घर जसंच्या तसं सुटं होऊन टेम्पोत चढलं. नानी ओट्यावर बसून होती. "आता उतर," आबा तिला म्हणाले. "कुठं उतरू?" ती म्हणाली.

दोघं गावाकडं निघाली तेव्हा मी या घरावर लिहिलेलं माझं पत्रक घेऊन एसटी स्टँडवर गेले आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यात सगळं होतं: सिमेंटवाले, व्यापारी, मुदत, शेरा. आबांनी मान खाली घालून ऐकलं.

"झ्याक लिवलंयस. पन ह्यात माझी चूक कुठं हाय?"

"तुमची चूक नाहीच, आबा."

"हाय. गिलावा मी केला. ते घाल. मागनं कुनी असं घर जोडलं, तर त्येनं तरी करू नये."

मी वाद घातला. त्यांच्या हातून निसटलेलं घर त्यांनी स्वतःच्या माथी मारून घ्यावं, हे मला सोसेना. ते ऐकेनात. गाडी लागली. नानीला आत बसवून ते पुन्हा खाली उतरले. "घाल बरं का," एवढंच म्हणाले आणि चढले.

मी ती ओळ घातली. सांध्यांवर गिलावा करू नका, अशी, सगळ्यात खाली. बाजाराच्या गेटवर पत्रकं वाटत होते तेव्हा टोळीतल्या एकानं ते शेवटपर्यंत वाचलं, चार घड्या घालून मुंडाशात खोवलं आणि पोत्याखाली पाठ देता देता म्हणाला, "न्हाई करत, ताई. ओटा कुठं मिळतोय ते तेवढं लिव्हा."