सुमनचं नाव पटावर

ट्रक वेशीवर आला तेव्हा आमचं बिऱ्हाड बांधून तयार होतं. दोन हंडे, तांदळाचं गाठोडं, चार कोंबड्या आणि माझी मुलगी सुमन. दिवाळी सरली की मुरबाडच्या आमच्या डोंगरातली अर्धी घरं वीटभट्टीवर निघायची, ती पाऊस तोंडावर आला की परतायची. त्या साली सुमन ट्रकला हात लावीना. तिसरीत ती दोनदा बसलेली. भट्टीवर गेलं की शाळेच्या पटावरचं नाव कापायचे, परत आलं की पुन्हा तिसरी. "बा, यंदा पण नाव कापतील," म्हणून रडत होती. मी तिला उचलून ट्रकमध्ये ठेवली नि म्हणालो, "मी दुसरीत शाळा सोडली, माझं काय अडलं?"

गावात राहिलेल्यांनो, तुमी ते ऐकून हसलात. आता पुढचंही ऐका.

भट्टी शहापूरच्या अलीकडं, ओढ्याकाठी. मी साच्यात विटा थापायचो, बायको चिखल आणायची, नि पोरं सकाळी ओल्या विटा उलटायची, म्हणजे दुसऱ्या अंगानं वाळतात. आठवड्याभरात शहापूरहून एक शिकलेली पोरगी आली, काखेत गुंडाळलेला फळा. पोरं तिला ताई म्हणायला लागली. म्हणे, इथंच गवतानं शाकारलेल्या झापाच्या सावलीत शाळा भरवते, हजेरी लिहून देते. ती दाखवली की गावच्या पटावर नाव राहील. पण वेळ मागत होती सकाळची.

मी म्हणालो, "मग विटा काय तू उलटणार?"

"उलटते की, बाबा."

नि खरंच पदर खोचून बसली. पहिली वीट मधोमध धरली, पाची बोटं रुतली. दुसरी मोडली. माझी थापलेली वीट! मला राहवेना. "अगो, भाकर हाय का ती? कडांना धर, तळव्यानं!" बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. ताई म्हणाली, "मग शिकवा ना नीट. मी पोरांवर ओरडते का?"

चार दिवसांत हात बसला तिचा. मग पोरांबरोबर ओळीनं विटा उलटत जायची नि उलटता उलटता पाढे. बारा विटांची एक ओळ, दोन ओळी चोवीस. एकदा सात ओळींच्या ब्याऐंशी म्हणाली. मी साचा टाकून लांबूनच ओरडलो, "चौऱ्यांशी!" माझी सही वाकडी, पण विटांची मोजणी मान वर न करता यायची. त्या दिवसापासून पाढे माझ्याकडं आले. मी थापता थापता विचारायचो, पोरं ओळींतून पळत उत्तर द्यायची. उलटणी उन्हं तापायच्या आत आटपायची, नि सगळी झापाखाली वाचायला बसायची. ताई मुद्दाम चुकली होती असं सुमन सांगते. मी अजून मानत नाय.

वैशाखात गावी परतलो. गुरुजींनी हजेरीचे कागद चाळले नि सगळ्यांसमोर सुमनची परीक्षा घेतली. मी दाराबाहेर उभा. तिनं धडा वाचला, पाढा तर धावतच म्हटला.

"कोणी शिकवलं गो?"

"वाचायला ताईनं, पाढे बानं."

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. मी छपराकडं पाहिलं, नायतर तिथंच डोळे भरले असते. सुमन चौथीत गेली.

आमच्या पाड्यात पाचवी नव्हती. मग पाचवीच्या साली मी शहापूरलाच खोली घेतली, गोदामात हमाली धरली. भावकी म्हणाली, हट्टापायी घर सोडलं. हट्टापायीच सोडलं. डोंगरउतारावरचा नाचणीचा वरकस, ओट्यावरचा वारा आठवला की जीव हळहळायचा. इथं वारा पंख्याचा, तो पण लाइट असली तर. पण सुमन दहावी पास झाली, त्या दिवशी पेढे मी स्वतः गावात आणून वाटले. हसलेल्यांना दोन दोन दिले.

माझ्यासारख्या गाव सोडून निघालेल्यांनो, तुमालाही विचारत असतील. मुरबाडकडं म्हसा गावच्या जत्रेत भेटलं की सगळे मला विचारतात, "बाबा, कायमचा घरी कवा येणार?" मी सांगतो, सुमनची पोरगी पहिलीत हाय, तिला शाळेत सोडायचं काम माझं, उद्या सकाळी टायमावर पोचायला पायजे. मग आकाशपाळण्याकडं पाठ करतो नि एसटीनं घरी जातो, शहापूरला.