पंचकोनाची मागली बाजू

सेतुमाधवराव मद्रासमधल्या तिरुवल्लिकेणीतल्या एका शाळेत एकोणतीस वर्षं भूमिती शिकवत होते, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी कुठल्याही वस्तूकडे नुसतं बघायचं म्हणून पाहिलं नव्हतं. पानात दोन वडे वाढले तर ते एकरूप आहेत का, हे आधी बघायचे. खायचे ते गार झाल्यावर.

त्यांची बायको गोदा त्यांच्यासारखीच तंजावरकडच्या मराठी घरातली, इंटरपर्यंत शिकलेली. एकरूपतेचा पहिला धडा तिला लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मिळाला. ती पोलक्याचं कापड बेतत बसली होती. "यात काय एवढं शास्त्र? आण इकडे," म्हणत मास्तरांनी कात्री घेतली. पुढच्या भागाचा कागदी नमुना कापडावर ठेवून एक तुकडा कापला, नमुना तसाच पुढे सरकवून दुसरा कापला. दोन्ही तुकड्यांत केसाचाही फरक नव्हता. आणि दोन्ही डाव्या बाजूचे होते.

"एकरूप आहेत की नाहीत?" मास्तरांनी विचारलं.

"आहेत. म्हणून तर अंगात घालता येत नाहीत."

"मग एक उलटव. उलटवल्यानं आकार बदलत नाही. सिद्ध करून देतो."

"आकार नाही बदलत हो. कापडाची पाठ वर येते."

पाठ नावाची गोष्ट मास्तरांच्या भूमितीत नव्हती. गोदानं मग दुसरं कापड दुहेरी घडी घालून एकदाच कापलं आणि उलगडून दाखवलं: एक डावा, एक उजवा. मास्तरांना ही युक्ती फार आवडली. पाठीचं मात्र ते विसरून गेले.

एकसष्ट साली शाळेचे हेडमास्तर निवृत्त व्हायचे होते. जागेसाठी नावं दोन: सेतुमाधवराव आणि इतिहासाचे रामस्वामी. रामस्वामींचा धडा वेळेत संपल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. पाहुण्याच्या गळ्यात पडणारा हार मात्र कधी उशिरा आला नव्हता. इन्स्पेक्टर अनंतकृष्णन दोघांचा एकेक पाठ बघणार आणि अहवाल लिहिणार, असं ठरलं. मास्तरांना याआधी दोनदा डावललं होतं. निवृत्तीला चार वर्षं उरली होती, म्हणजे ही शेवटची संधी. काळा कोट आठवडाभर आधीच खुंटीवर येऊन बसला आणि रोज झटकला जाऊ लागला. गोदानं काय ते ओळखलं.

पाठ ठरला बहुभुजांच्या एकरूपतेचा. मोजपट्टी न लावता, एक पंचकोन नुसता हलवून दुसऱ्यावर बसवायचा: आधी सरकवायचा, मग फिरवायचा, तरी जमला नाही तर उलटवायचा. ताणायचा नाही, दुमडायचा नाही. शेवटच्या बाकावरून दिसेल एवढा जाड, कोरा कागद हवा होता. गोदाच्या पेटीत जुनी कॅलेंडरं होती. देवांची चित्रं टाकायची कशी, म्हणून जपलेली. मास्तरांनी त्यातलं एक काढलं, पांढरी बाजू बाहेर ठेवून दुहेरी घडी घातली आणि पोलक्यासारखे दोन वाकडे पंचकोन एकदम कापले.

"मागे काय आहे ते तरी बघा," गोदा स्वयंपाकघरातून म्हणाली.

"मागचं कोण बघतंय?"

पाठाच्या दिवशी ते शाळेतून आले, कोट खुंटीला लावला आणि पानावर बसले. गोदानं दंगर पचडी, उडदाच्या पिठाची दह्यातली कोशिंबीर, वाढली. पाचेक घासांनंतर त्यांनी स्वतःच सांगायला सुरुवात केली.

कपाळभर विभूती लावलेले इन्स्पेक्टर रामस्वामींच्या चोळ राजांवरच्या तासाला शांत झोपले होते आणि कॉफीला जागे झाले होते. भूमितीच्या तासाला मास्तरांनी एक पंचकोन फळ्यावर टाचला. दुसरा सरकवून शिरोबिंदूवर शिरोबिंदू आणला, फिरवून बाजूवर बाजू बसवली. उरलेले कोपरे काही जुळेनात. "आता उलटवू," म्हणून त्यांनी तो उलटवला. कडेला कड चोख बसली, आणि फळ्यावर हसऱ्या चेहऱ्याची सरस्वती उगवली.

सगळा वर्ग उभा राहिला. सवयीनं हात जोडून मुलांनी सकाळची प्रार्थना सुरू केली. इन्स्पेक्टरांनी चपला काढल्या.

"वा, मास्तर," प्रार्थना संपल्यावर ते म्हणाले. "गणिताच्या शेवटी साक्षात सरस्वती. हे सुचलं कसं तुम्हाला?"

हेडमास्तर मागून मानेनं 'हो म्हणा, हो म्हणा' करत होते.

"सुचलं नाही सार," मास्तर म्हणाले. "जुनं कॅलेंडर होतं. पाठ कोरी असती तरी पंचकोन एकरूपच ठरले असते. सरस्वतीचा या सिद्धतेत कुठेही उपयोग केलेला नाही."

गोदानं ताकाचं भांडं खाली ठेवलं. "नुसती मान हलवली असतीत तर?"

"मान हलवणं ही सिद्धतेतली कितवी पायरी?"

गोदानं ताक वाढलं. रात्रीच्या आत तिनं दोन्ही पंचकोन मागून घेतले आणि देवघराच्या भिंतीला चिकटवले. एकात मुख आणि वीणा होती, दुसऱ्यात हंस आणि पावलं.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. 'विषयज्ञान उत्तम. भक्तिभाव मध्यम.' रामस्वामी हेडमास्तर झाले. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी पहिलं परिपत्रक काढलं: भूमितीच्या सर्व कागदी आकृत्यांच्या मागील बाजूस यापुढे देवतेचं चित्र असावं. आदर्श म्हणून श्री. सेतुमाधवराव यांचा पाठ डोळ्यांपुढे ठेवावा.

मास्तरांनी ते परिपत्रक घरी आणून तीनदा वाचलं. कॉफी टंबलरमध्ये निवून गेली. मग ते म्हणाले, "गोदा, कॅलेंडरं काढ."

गोदाला वाईट वाटलं. वडे गार होईपर्यंत थांबणारा हा माणूस अखेर वाकला, असं मनात येऊन तिनं मुकाट्यानं पेटी उघडली. मास्तरांनी कागद पसरला. घडी घातली नाही. एक नमुना ठेवून कड आखली, तो तसाच पुढे सरकवून दुसरी आखायला घेतली.

"अहो, दोन्ही डावेच होतायत."

"होऊ देत. सरकवले आणि फिरवले की झालं. उलटवायची वेळच येणार नाही."

"आणि मागचा देव?"

"मागे आहे की. परिपत्रकात मागेच असावा म्हटलंय. पुढे आणावा, असं कुठे लिहिलंय?"

 हसू पदराआड दाबत गोदानं कागद त्यांच्या हातून घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला. पलीकडचा गणपती अंधूक दिसत होता. त्याच्या कानाला कात्री लागू नये म्हणून तिनं मास्तरांचा पंचकोन दोन बोटं डावीकडे सरकवून आखून दिला.

"सरकवलंय हो," ती म्हणाली. "आकार बदललेला नाही."