देऊन टाकलेल्या कॅसेट

काय ऐकावं, असं मला अजूनही लोक विचारतात. पुतणी विचारते, शेजारीण विचारते, लग्नात भेटलेले कुठले कुठले पाहुणे विचारतात. मी सांगतेही. फुकटचा सल्ला द्यायला मला आवडतं, आणि गाण्याच्या बाबतीत माझा सल्ला चुकत नाही असा माझा दावा आहे. फक्त मी सांगते त्याचा क्रम जरा विचित्र असतो. आधी संतूर, मग व्हायोलिन, मग बासरी, आणि अगदी शेवटी धृपद. असं का, ते कुणी विचारत नाही. आमच्या घरातून कॅसेट ज्या क्रमाने गेल्या, आणि शेवटी जी उरली, तो हा क्रम आहे.

नव्वदच्या दशकात आम्ही नेरूळला राहत होतो, सीवूड्सच्या बाजूला. दोन खोल्यांचा फ्लॅट, नवी सोसायटी, बसायला एक दिवाण आणि दिवाणासमोर डेक. आमचे हे कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका गोदामात सुपरवायझर होते. तिथे जाड प्लेटी कापायचं मशीन होतं. ट्रकमधून प्लेट खाली उतरवताना ती जमिनीवर आपटली की दातांत कळ जायची. मी एकदाच डबा द्यायला गेले होते, परत गेले नाही. हे रोज जायचे, आणि सुट्टीच्या दिवशी त्याच कानांनी गाणं ऐकायचे.

रविवारी सकाळी आमच्याकडे माणसं जमत. वरच्या मजल्यावरच्या शाळेतल्या बाई, समोरच्या विंगेतले बँकवाले, आणि खाडीकडच्या गावातले एक म्हातारे बाबा, जे गावच्या भजनात पखवाज वाजवायचे. नवी मुंबईसाठी शेती गेल्यावर त्यांनी गावात चाळ बांधली होती, भाडेकरूंना सकाळी शिव्या घालून झाल्या की ते आमच्याकडे येत. मी पोहे करायचे. हे कॅसेट लावायचे आणि कुणाला काय ऐकायला द्यायचं ते ठरवायचे. बँकवाल्यांचं बायकोशी वाजायचं, तर त्यांना यांनी सारंगी दिली. म्हटलं, अहो, तो माणूस आधीच रडकुंडीला आलाय. तर म्हणाले, मग व्यवस्थित रडू दे की. बँकवाले ती सारंगी महिनाभर परत द्यायला तयार नव्हते.

ज्याला हवं त्याला हे कोरी कॅसेट भरून द्यायचे. यांनी भरलेल्या कॅसेटला नाव ठेवायला जागा नसे, आणि या एका गोष्टीचा यांना गर्व होता. पगाराचा नव्हता, घराचा नव्हता, कानाचा होता.

तर संतूर. शास्त्रीय संगीताची भीती वाटणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. आमच्याकडे होती ती पहाटेच्या रागाची, पहिल्या बाजूला नुसता आलाप आणि जोड, तबला नाहीच. दिवसभर डोक्यात किराणा आणि भांडणं असलेल्या माणसालासुद्धा ती अर्ध्या तासात गप्प करते. यांची फार लाडकी. एका रविवारी ती लावली आणि हे कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "टेप मेली बघ ही. तारांची चमक गेली."

मला तर चांगली वाजत होती. मी तसं म्हटलं. यांनी ऐकलं नाही. टेप वाचणारं डेकचं हेड घाण झालं असेल म्हणून स्पिरिट आणि कापसाने पुसलं. तरी समाधान नाही. मग बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले. डेकमध्ये हेडच्या शेजारी एक छोटा स्क्रू असतो, तो एवढासा फिरवला तरी आवाज उघडतो किंवा दबतो. कॅसेटचं वेड लागलेली माणसं तो कानाने लावायची, त्यात त्यांना कोण फुशारकी! हे तासभर तो इकडेतिकडे फिरवत बसले आणि शेवटी म्हणाले, "आता कुठे बरोबर लागला."

गाणं गोधडीखालून येत होतं.

"अहो, दबलाय आवाज."

"तुला काय कळतंय यातलं?"

मी पोह्यांची कढई आपटली आणि आत गेले. मला यातलं कळत होतं. लग्नाआधी सात वर्षं मी गाणं शिकले होते, हे यांना चांगलं ठाऊक होतं.

पुढचे काही महिने आमच्या घरात सगळंच गोधडीखालून वाजलं, आणि लोकांना भरून दिलेल्या कॅसेटही तशाच गेल्या. बाई भिडस्त, काही बोलल्या नाहीत, फक्त नवीन काही मागेनाशा झाल्या. बँकवाले म्हणाले, बहुतेक माझ्या टेपमध्येच गडबड असेल. बोलले ते गावचे बाबा. भजनाची भरून दिलेली कॅसेट घेऊन दारात उभे राहिले.

"भाऊ, ही परत भरून द्याल का? टाळ वाजतान असा वाटतंय, पन आयकू येत नाय. तुमचे टेपला काय झालाय?"

यांनी ती लगेच आमच्या डेकवर लावली, लक्ष देऊन ऐकली आणि म्हणाले, "चांगली तर आहे." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी पन्नास वर्षं टाळांच्या गोंगाटात पखवाज वाजवला होता, त्यांना पुढचं समजलं होतं. मलाही त्या क्षणी समजलं. डेकला मुळात काही झालेलं नव्हतं.

वाशीला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं. वरचे, बारीक आवाज दोन्ही कानांतून गेलेत, म्हणाले, ते परत येणार नाहीत. खालचेही हळूहळू जातील. नोकरी बदलता आली तर बघा, नाहीतर कानात बोळे घालून काम करा. यांनी शांतपणे सांगितलं की बोळे घातले तर क्रेनवाल्याची हाक ऐकू येणार नाही, आणि गेल्या वर्षी एकाला ती आली नव्हती. दुसरी नोकरी पंचेचाळिशीच्या माणसाला कोण देणार होतं? दुसऱ्या दिवशी हे कळंबोलीला गेले.

पण त्या दिवशी घरी आल्यावर यांनी आधी डेक उघडला. स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. "तू लाव." मी संतूर लावली आणि स्क्रू फिरवत राहिले. एका जागी तारा एकदम उजळल्या. यांना त्यातलं काही कळलं नाही, हे माझ्या तोंडाकडे बघत होते. माझा चेहरा पाहून म्हणाले, "आलं का?" मी म्हटलं, आलं. त्या संध्याकाळी संतूरची कॅसेट बाईंकडे गेली. ऐकू न येणारी वस्तू घरात कशाला, एवढंच म्हणाले.

त्यानंतर यांचे कान कुठवर आले ते मी कधी विचारलं नाही. काय दिलं त्यावरून कळायचं. परदेशी व्हायोलिनची गेली. एकट्या व्हायोलिनची होती ती, साथीला काही नाही. आपलं संगीत ऐकून कंटाळा आला, सगळे तेच तेच सूर वाटायला लागले, तर ती ऐकावी. मग बासरीची गेली. बासरी घ्यायची तर लांब, खालच्या सुरातली घ्यावी, गोड गोड वाजवणाऱ्यांच्या नादी लागू नये. मग ट्रंपेटची. फोर्टच्या फुटपाथवर घेतलेली जाझची कॅसेट, वादक ट्रंपेटच्या तोंडात बोळा घालून वाजवतो. मला ती कधीच आवडली नाही आणि यांच्यानंतर फार आवडायला लागली. भांडण झाल्यावर एकट्याने ऐकायची आहे ती. ती बँकवाल्यांकडे गेली, म्हणजे योग्य घरी गेली.

मग एक दिवस यांनी ठुमऱ्यांची काढली. गाणाऱ्या बाई साठीच्या असतील रेकॉर्डिंगच्या वेळी, आवाजाला थोडी धाप, आणि 'अजून आला नाही' एवढंच अर्धा तास शंभर तऱ्हांनी सांगतात. एकच कॅसेट सुचव म्हणालात तर मी हीच सुचवीन.

"ही पण?" मी विचारलं. यांची पाठ होती माझ्याकडे. उत्तर आलं नाही. मी पुन्हा विचारलं. मग मी ओरडले. हे शांतपणे कॅसेटवरची धूळ पुसत राहिले.

त्या महिन्यात मी यांच्याशी कितीदा भांडले होते, की मी ओट्याशी उभी राहून बोलते आणि तुम्ही हूं की चूं करत नाही, एवढा कसला माज आलाय! आणि हे माझ्यासमोर येऊन, ओठांकडे बघत, सॉरी म्हणायचे. यांच्या कानांतून बायकांचा आवाज गेला होता. त्यात माझाही होता. मला आधी संतापच आला, यांचा नाही, त्या मशीनचा, त्या प्लेटींचा, कुणाचा ते माहीत नाही. रडू दोन दिवसांनी आलं.

ती कॅसेट मी हिसकावून घेतली आणि माझ्या साड्यांच्या कपाटात ठेवली.

राहिलं ते खालचं. पखवाज. रुद्रवीणा. खर्जात गाणारे धृपदिये. धृपद कठीण असतं असं म्हणून लोक टाळतात, ते चूक आहे, त्याला फक्त वेळ लागतो. आमच्याकडे दोघा भावांनी गायलेली एक कॅसेट होती, दुसऱ्या बाजूला पखवाजावर बारा मात्रांचा चौताल. हे म्हणायचे, ही मला छातीत ऐकू येते. रविवार आता त्या एकाच कॅसेटवर चालू होते. कुणी तक्रार केली नाही. माणसं यायची, पोहे खायची, धृपद ऐकायची.

अशाच एका रविवारी चौताल रंगात आला होता. हे डोळे मिटून बसले होते, हात मांडीवर ताल देत होता. मधेच आवाज रेंगाळला, जाड झाला आणि बंद पडला. डेकमधला चाकं फिरवणारा पट्टा तुटला होता. वरचा लाल दिवा तसाच चालू होता. बँकवाले उठायला लागले आणि अर्धवट वाकलेले तसेच थांबले. कारण यांचा हात थांबला नव्हता.

खोलीत काही वाजत नव्हतं. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. हे मांडीवर मात्रा मोजत होते, मान हलवत होते, चेहऱ्यावर ते जुनं समाधान होतं. हात वर गेला, समेवर पडला आणि हे मोठ्याने म्हणाले, "वा!"

गावच्या बाबांचा हातही मांडीवर चालू होता. "वा," तेही म्हणाले. मग बँकवाले म्हणाले. मग बाई, पदर तोंडाला लावून. सम बरोबर आली होती, असं बाबा मला नंतर म्हणाले, एका मात्रेचाही फरक नव्हता.

माझ्याने म्हणवलं नाही. मी उठून यांच्यासमोर गेले, गुडघ्याला हात लावला. यांनी डोळे उघडले.

"डेक बंद पडलाय," मी म्हटलं. तोंड नीट हलवून म्हटलं.

"कधी?"

"मघाशीच."

यांनी डेककडे पाहिलं, मग सगळ्यांकडे. सगळे खाली बघत होते. "पण मला ऐकू येत होतं," हे म्हणाले. मग माझ्याकडे वळून अगदी हळू पुन्हा म्हणाले, "मला येत होतं गं."

काय गेलं ते तोवर यांना ठाऊक होतं. जे राहिलंय ते खरंच राहिलंय की नुसतं आठवतंय, हे आता यांना कळेना. पट्टा नवा बसवून आणला. रविवारी माणसं पूर्वीसारखी आली. हे डेकला गुडघे टेकवून अगदी पुढ्यात बसले, काचेआडची चाकं फिरताहेत ना ते बघत, आणि मधून मधून मला विचारत, "वाजतंय ना?" मी वाजतंय म्हणायचे. डोळे मिटून गाणं यांनी परत कधी ऐकलं नाही.