घट बसलेल्या घरात गटाराचे पाणी

ऐन नवरात्रात आमच्या घरात गटाराचे पाणी शिरले, तेव्हा मनात आले, देवीला आपली सेवा नकोच आहे. लिहायला जड जाते, पण तसे वाटले खरे.

आम्ही नाशिक रोडला तळमजल्यावर राहतो. परतीच्या पावसाने रस्त्यावरचे चेंबर तुंबले आणि सकाळी बाथरूमच्या जाळीतून काळे पाणी उसळून वर आले. यजमानांना मधुमेह, त्यात पायाची जखम अजून भरत होती. त्यांना कसेबसे बाहेर जिन्यावर नेऊन बसवले. आतल्या खोलीत घट होता, धान्य छान उगवलेले. पाटावरून पाणी वाहत होते. "मी आणतो," म्हणत हे उठू लागले. त्यांना थांबवून मीच पदर खोचला.

"थांबा ताई! आत लाइट चालू आहे ना?"

दारापाशी एक अनोळखी बाई उभ्या होत्या. सिन्नरहून सप्तशृंगी गडाकडे पायी निघालेल्या, प्यायचे पाणी मागायला वळलेल्या. फ्रिजची वायर पाण्यात लोंबत होती, मला ती दिसलीच नव्हती. त्यांनी वॉचमनला हाक मारून जिन्यातल्या कोरड्या जागेवरचा मेन स्विच बंद करायला लावला.

त्यांना पाणी द्यावे म्हणून मी आवारातला नळ सोडू लागले, तर त्यांनी हात धरला. "जमिनीखालच्या टाकीचं ना? त्यात हे गटाराचं पाणी मिसळलं असेल. मलाही नको आणि तुम्हीही पिऊ नका. मागं आमच्याकडं असंच झालं होतं. पाणी दिसायला स्वच्छ होतं. माझ्या लेकीला कावीळ झाली, लय हाल झाले पोरीचे."

त्या आपल्या गावच्या शाळेत शिक्षिका होत्या. सोबतच्या बायका पुढे निघाल्या, या मात्र राहिल्या. पाणी ओसरल्यावर गमबूट आणि रबरी हातमोजे घालून आम्ही दोघी आत शिरलो. दारे-खिडक्या सताड उघडल्या. भिजलेल्या गाद्या, पीठ, डाळी सगळे बाहेर काढले. गाद्या धुऊन वाळवू म्हटले, तर म्हणाल्या, "घाण आत मुरलेली असते, ताई. टाका." फरशी साबणाने घासून मग ब्लिचिंगच्या पाण्याने पुसली. शेजारीण फिनाईल घेऊन आली, तिलाही त्यांनी थांबवले. दोन्ही एकत्र झाले तर विषारी वाफ होते म्हणे.

शेवटी घट उरला. माझे हात पुढे होईनात. मी रडू लागले, तेव्हा त्या शेजारी बसल्या. "ज्या पाण्यानं माणूस आजारी पडतं, ते देवीच्या नावानं घरात ठेवायचं का? ती काय मातीत अडकून बसलीय?" मग त्यांनीच माझ्या हाताला धरून घट उचलून बाहेर न्यायला लावला.

निघताना मी म्हटले, "नाशिकच्या द्वारका चौकापर्यंत तरी रिक्षाने जा."

"नाही हो, पायी येईन असं बोललेय देवीला," म्हणून हसल्या आणि चालू लागल्या. नाव विचारायचे राहूनच गेले.

यजमानांची जखम पुढे नीट भरली. त्या बाई म्हणजे देवीच होत्या, असे मी म्हणणार नाही. लेकीच्या दुखण्यातून जे शिकली, ते परक्या घरी आपल्या हातांनी देऊन गेलेली ती एक आई होती, आणि मला तेवढेही फार मोठे वाटते. नवरात्राच्या उरलेल्या संध्याकाळी मी वरच्या मजल्यावर शेजारणीच्या देवापुढे बसत होते. एरवी माझे मागणे संपत नसे. त्या दिवसांत नुसते हात जोडले जात, आणि तेवढे पुरत असे.