ताईचं शेवटचं पॅकिंग

माझ्या बहिणीला आम्ही भाताच्या पेंढ्यात पॅक करून घरी आणलं.

वाचायला विचित्र वाटेल. पण ते पॅकिंग तिनेच शिकवलेलं होतं.

आज सुलभाताईला जाऊन वर्ष झालं.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ताई आधी रोह्याला एका कंपनीत पॅकिंग डिपार्टमेंटला होती. परमनंट नोकरी, दारात कंपनीची बस. ते सगळं सोडून तिने इथे पेणमध्ये रामवाडीला एक खोली भाड्याने घेतली आणि बाहेर बोर्ड लावला, 'पॅकेजिंग कन्सल्टंट'.

लोक आत डोकावून विचारायचे, पार्सल इथेच घेतात का?

आई तर रडलीच. म्हणाली, पेणमध्ये सल्ला प्रत्येक टपरीवर फुकट मिळतो, तुझा विकत कोण घेणार?

ताईच्या डोक्यात गणपतीचे कारखाने होते. आपल्याकडच्या मूर्ती परदेशी जायच्या आणि वाटेत कुणाची सोंड जायची, कुणाची बोटं. कारखानदार म्हणायचे, देवाची मर्जी. ताई म्हणायची, मर्जी कसली, मानेखाली आधार नाही.

ती कारखान्यांचे उंबरे झिजवत फिरायची. सगळे तिला रंगवून झालेल्या सुंदर मूर्ती दाखवायचे. ती म्हणायची, फुटलेली दाखवा.

फुटलेली कोण दाखवतो? ती गुपचूप पाण्यात सोडून मोकळे होतात. त्यामुळे मूर्ती नेमकी कुठे फुटते, हे कुणी नीट बघितलेलंच नव्हतं.

पाठीमागे तिला 'खोकेवाली' म्हणायचे. तिला ते फार लागायचं. नाव व्हावं, पैसा यावा हे होतंच, पण तिला खरं हवं होतं ते एकच. ह्या लोकांनी तिला आपल्यातली म्हणावं.

शेवटी कुंभार आळीतल्या बाळाकाकांनी तिला कारखान्यात घेतलं. हौसेने नाही. त्यांचं परदेशातलं मोठं गिऱ्हाईक तुटायच्या बेतात होतं.

ताईने दिवसभर बघितलं आणि सांगितलं, उंच मूर्ती उभ्या पाठवू नका. पेंढ्याच्या गादीवर पाठीवर झोपवा.

सगळ्यांचे हात थांबले. मी तिला डबा द्यायला गेले होते, मलाही वाटलं आता हिला बाहेर काढतात.

काका शांतपणे म्हणाले, "मॅडम, आडवा मुडदा जातो. देव नाय जात."

ताई म्हणाली, "काका, प्राणप्रतिष्ठा अजून व्हायची हाय. आता त्यात प्राण नाय. आणि तान्हं पोर पण आपण आडवंच नेतो ना?"

काकांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी केली आणि स्वतःच्या हाताने मूर्तीच्या मानेखाली सारला.

त्या वर्षी त्यांची एकही मूर्ती फुटली नाही.

मग मात्र ताईचा फोन थांबेना. एका कारखान्याचं बघून दुसरा आला. गल्फमध्ये दुकान असलेल्या रोह्याच्या एका भाईंनी पेणच्या पापडांचं काम दिलं. एका खोकी बनवणाऱ्याने कमिशन देऊ केलं, तर हिने त्याला चहा पाजून परत पाठवलं. म्हणाली, ते घेतलं की माझा सल्ला त्याच्या खोक्याला चिकटला.

तिची अट एकच. माल अखंड पोचल्याचा फोन आला की मगच बिल.

लोक हसायचे, पण त्याच अटीवर तिचा धंदा उभा राहिला.

हाताखाली कुणी ठेव म्हटलं की म्हणायची, लोक माझ्या भरवशावर मूर्ती देतात गो. एकटीच पळायची. सीझनमध्ये जेवणाचं भान नाही. पाठ दुखते म्हणायची. खोकी उचलून दुखत असेल, असं आम्ही सगळेच म्हणालो.

हाडांचा कॅन्सर निघाला. फार उशिरा निघाला.

मुंबईच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. तिलाही पेणलाच यायचं होतं. पण तिला कूस बदलताना ब्रह्मांड आठवायचं, आणि आपला हायवे कसा आहे ते तुम्हाला माहीत आहे. मला त्या खड्ड्यांची इतकी भीती कधीच वाटली नव्हती.

कसं कळलं कोण जाणे, बाळाकाका दोन कारागीर आणि पेंढ्याची पोती घेऊन थेट हॉस्पिटलच्या दारात हजर.

ॲम्ब्युलन्समध्ये त्यांनी धुतलेल्या चादरींत पेंढा भरून गादी केली. कडेने उशा लावल्या. एरवी मूर्तीला लावतात तशाच.

ताईने डोळे मिटलेलेच होते. म्हणाली, "काका, मानेखाली कमी पडतंय."

काकांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी केली, मानेखाली सारला. मग ड्रायव्हरला म्हणाले, "सावकाश चालव रं. ह्यात प्राण हाय."

मी तोंडावर पदर धरून रडले.

वाटेत तिने एकदाच विचारलं, रामवाडी आली काय? मी म्हटलं, येईलच.

जिते स्टेशनचा फाटा मागे पडला तेव्हा माझ्या हातातला तिचा हात सैल झाला. मी तो तसाच धरून ठेवला. काकांच्या लक्षात आलं होतं, पण त्यांनी गाडी थांबवायला सांगितलं नाही. गाडी तशीच सावकाश चालत राहिली.

रामवाडीला तिचा बोर्ड मी काचेतून बघितला. तिने नाही बघितला.

घरी उतरवताना काकांनी तिच्या केसांत अडकलेली पेंढ्याची काडी काढली. आई दारात उभी होती. तिला म्हणाले, "वहिनी, आमच्या कारखान्यातली पोर हाय. अखंड आणलीय."

एवढंच ऐकायला ती इतकी वर्षं धावत होती. आणि ऐकायला ती नव्हती.

पोचलीस गो ताई. अखंड पोचलीस. आता नीट झोप.