रूथताई ख्रिश्चनच होत्या

फोन रूथताईंच्या मुलीचा, आशाचा होता. "मावशी, आई गेली... सकाळी चहा घेता घेता." रूथताई साळवे गेल्याला आता दीड महिना झाला. रडून झालंय. राग मात्र उतरत नाही.

राग सोसायटीच्या शोकसभेतला आहे. बडोद्यात हरणीच्या आमच्या सोसायटीत अठरा वर्षं शेजारी राहिलेल्या बाईबद्दल सेक्रेटरी उभे राहून म्हणाले, "बेन बहु सारां हतां. ख्रिश्चन लागतां ज नहोतां." बाई फार चांगल्या, ख्रिश्चन वाटायच्याच नाहीत! ही म्हणे स्तुती. आणि माना डोलत होत्या, त्यांत आमची मराठी डोकीही होती.

कुणी सांगितलं वाटायच्या नाहीत? नगरहून लग्न होऊन बडोद्याला आलेल्या या बाईच्या घरात प्रभू चोवीस तास राबत असे. शेवटच्या पोळीवरून त्यांचा मुलगा सॅम आणि आशा भांडले, की त्या कंबरेवर हात ठेवून म्हणत, "पाच भाकरींत पाच हजार जेवले, आणि तुम्हा दोघांना एक पोळी पुरत नाही?" अभ्यासाच्या वेळी सॅम पलंगाखाली लपला, की झाडू घेऊन शोधायच्या. "नव्व्याण्णव मेंढरं सोडून मी या एकाच्या मागे! मेंढपाळाला निदान स्वयंपाक तरी नव्हता." माझी मुग्धा शाळेतून थेट त्यांच्याकडे जायची, ती या हसण्यासाठीच.

एकदा सॅमनं विचारलं, "आई, येशूला ज्याच्यावर एवढं दुखलं, तोच क्रूस तू गळ्यात का घालतेस?" मी तिथेच मटार सोलत होते. रूथताई म्हणाल्या, "तू झालास तेव्हाचे टाके आहेत माझ्या पोटावर. फार दुखलं होतं. पण ती खूण मला दुखण्याची वाटतच नाही रे... तुझी वाटते." मग त्याच्या डोक्यात टपली मारून, "आणि प्रभू तिसऱ्या दिवशी उठला, तू तर नुसता रडत होतास!" कुठल्याही प्रवचनात क्रूस मला इतका समजला नव्हता.

आणि याच बाईंना एका नाताळात कमिटीनं चिठ्ठी पाठवली. गॅलरीतला तारा काढावा, सोसायटीचा देखावा एकसारखा राहत नाही. दिवाळीचे कंदील तेव्हा अजून निम्म्या गॅलऱ्यांत लोंबत होते! पतंगाच्या कागदाचा आणि कामट्यांचा तो तारा तिन्ही मुलांनी मिळून केला होता. चिठ्ठीवर सही करणाऱ्यांत माझा नवरा होता. आणि मी? मी जाऊन म्हटलं, "जाऊ द्या ना ताई, घरात लावा. उगाच वाद कशाला?"

त्यांनी स्टुलावर चढून तारा काढला. मुलं रडकुंडीला आलेली. त्या म्हणाल्या, "बरं झालं, आता ताऱ्यामागून येणाऱ्या तिन्ही राजांना जिना चढावा लागेल. वजनं वाढलीत त्यांची!" मुलं हसली. मीही हसले, सुटल्यासारखी. त्या हसतात म्हणजे त्यांना लागलं नाही, असं आम्ही धरून चाललो. केवढी सोय होती ती आमची!

म्हणून शोकसभेत उभी राहिले. "त्या ख्रिश्चनच होत्या," म्हटलं, "आणि आपण त्यांना ते गॅलरीत होऊ दिलं नाही. सही आमच्या घरातली होती." घरी येताना नवरा म्हणाला, "सगळ्यांसमोर बोलायची गरज होती?" म्हटलं, "होती. तेव्हाही होती."

आशा पुण्याला परतली. त्यांचं घर रंगवून घ्यायचं काम आणि किल्ली माझ्याकडे आहे. परवा रंगारी आला, तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराची चौकट मी प्रथमच नीट पाहिली. मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा, दर वाढदिवसाची एक. सॅम आणि आशाच्या रेघांशेजारी इवलासा क्रूस. मुग्धाच्या प्रत्येक रेघेशेजारी स्वस्तिक, न चुकता, सगळे ठिपके देऊन. नाताळच्या त्या चिठ्ठीनंतरच्या वाढदिवसालासुद्धा.

रंगाऱ्याला म्हटलं, ही चौकट सोडून रंगव.

"बेन, आटलुं अधूरुं लागशे."

अधुरं वाटू दे, म्हटलं.