चिंधूचा उजवा दंड

बेटेगावच्या चिंधूने बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात एकोणीस वर्षं ट्रकमध्ये पिंपं चढवली. तो फार बोलायचा नाही. मुकादम धर्मेशशी तर कामापुरतंही नाही. धर्मेशने कुठल्या हमालाला नावाने हाक मारल्याचं कोणाला आठवत नव्हतं. त्याच्या लेखी सगळे 'ए' होते.

मार्चमध्ये एक भरलेलं पिंप फळीवरून निसटलं. खाली दोन माणसं होती. चिंधूने ते वाकवलेल्या उजव्या हातावर अडवलं. माणसं वाचली, पण चिंधूच्या कोपरात काहीतरी फाटकन तुटलं. तो आवाज त्याने स्वतः ऐकला.

"अपघाताच्या वहीत लिवा साहेब, मार लागलाय," तो म्हणाला.

"काय लिहू? रक्त आलंय? हाड मोडलंय?" धर्मेश म्हणाला. "मलम लाव आणि उद्या ये."

हात कोपरापासून मनगटापर्यंत काळानिळा पडला. पंधरा दिवसांनी रंग उतरला, तेव्हा दंडाचा गोळा खांद्याकडे सरकून टेंगळासारखा वर आला होता. हात वाकायचा, पण पिंपाचं झाकण पिळून बसवायला गेलं की मनगट फिरायचंच नाही. वजन उचलताना जोर पुरायचा नाही.

"बघा रे, पैलवान आला!" धर्मेश सगळ्यांसमोर ओरडला. "दंड पहिल्यापेक्षा मोठा झालाय, आणि म्हणे जोर नाय!"

हमाल हसले. सगळ्यांत मोठ्याने हसला कृष्णकांत, चिंधूबरोबर कामाला लागलेला. घरी बायको नवसीनेसुद्धा विचारलं, "खरंच दुकतंय ना तुला?" त्या दिवशी चिंधू जेवला नाही.

मे महिन्यात गेटवरच्या कामगारांच्या यादीतून त्याचं नाव काढलं गेलं. मग नवसी त्याला पालघरला हाडांच्या डॉक्टर राजनंदिनी यांच्याकडे घेऊन गेली. त्यांनी त्याचा हात कोपरात वाकवला, तळवा वर करायला लावला आणि कोपराच्या खळगीत बाहेरून बोट आकड्यासारखं घातलं. बोटाला काहीच लागलं नाही.

"स्नायूला फक्त ओढता येतं, दादा. तो आखडतो आणि हाड ओढतो," त्या म्हणाल्या. "हाडाशी त्याला एक जाड दोरी बांधून ठेवते. तुमची ती दोरी तुटलीय. म्हणून स्नायू वर जाऊन गोळा झालाय. दिसतो मोठा, पण ओढणार काय?"

"मग हात वाकतो कसा?"

"त्याच्या खाली आणखी एक स्नायू आहे, तो वाकवतो. पण जोर लावून मनगट वर फिरवायचं मुख्य काम ह्या तुटलेल्याचं. दोन-तीन आठवड्यांत आला असतात तर दोरी सहज परत जोडता आली असती. आता ती आखडून गेलीय. ऑपरेशन मोठं होईल, आणि पूर्वीइतका जोर येईल असं मी सांगू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सुरू होताना चिंधू गेटवर उभा राहिला.

"धर्मेश, हात वाकव. तळवा वर कर."

"कोणाला अरे-तुरे करतोस?"

"हात वाकव."

हमाल थांबून बघत होते. धर्मेशने वैतागून हात वाकवला. चिंधूने त्याच्या कोपरात बोट अडकवलं. ताठ, जाड दोरी बोटाला लागली.

"ही तुझी. आता माझी शोध."

धर्मेशने हात झटकला. "नाटकं नकोत. चल, बाजूला हो!"

तेव्हा कृष्णकांत पुढे आला. त्याने चिंधूच्या कोपरात बोट घातलं, ते सरळ आत गेलं. मग त्याने स्वतःचा कोपर चाचपला, आणि पुन्हा चिंधूचा.

"नाय रे," तो म्हणाला. "हितं कायच नाय."

एकेकाने बोट घालून पाहिलं. कोणी कामावर गेलं नाही. दुपारपर्यंत तीन ट्रक उन्हात उभे राहिले. शेवटी मॅनेजर स्वतः अपघाताची वही घेऊन खाली आले, आणि मार्चमधली नोंद सगळ्यांसमोर धर्मेशलाच लिहावी लागली.

चिंधूने ऑपरेशन करून घेतलं नाही. महिनोन् महिने घरी बसायची त्याची तयारी नव्हती. त्याला कारखान्यातच ट्रकच्या वजनकाट्यावर बसायचं काम मिळालं. व्यायामाने हात थोडा सुधारला. कृष्णकांत दोनदा माफी मागायला आला, पण चिंधूने त्याला काट्याच्या खिडकीबाहेरच उभं ठेवलं. धर्मेश अजून तिथेच मुकादम आहे. तो काट्यावर आला की चिंधू पावती डाव्या हाताने सरकवतो आणि मान वर करत नाही.